चौथा शनिवार, नऊ वांगी, आठ माणसं

तापीकाठ | रविवार, सकाळी १०.२०

मी बँकेत आहे. आम्हाला महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, २०१५ च्या सप्टेंबरपासून. (त्याआधी दर शनिवारी अर्धा दिवस असायचा, आणि तो अर्ध्यावर कधीच संपायचा नाही.) दुसरा शनिवार दळण, गाडीची सर्व्हिसिंग, सासऱ्यांच्या पेन्शनचे कागद यांत जातो. चौथा मी कुणाला देत नाही. कालचा असा काही झकास गेला की अजून बोटांना लसणाचा वास येतोय आणि मी टंकायला बसलोय.

बेत असा होता की दिवसभर काही करायचं नाही आणि रात्री मित्रांना जेवायला बोलवायचं. या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत, ठाऊक आहे. गेल्या वर्षी याच मंडळींना बोलावलं तेव्हा मी सकाळी आठपासून ओट्याशी होतो. पनीर, छोले, जिरा राईस, रायता, गुलाबजाम, वर हराभरा कबाब. लोक आले तेव्हा मी अंघोळीला गेलेलो, आणि साडेनऊला गप्पा रंगल्या तेव्हा सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलो. घोरलो म्हणे. तेव्हाच ठरवलं, यापुढे एकच पदार्थ. आणि तोही असा की करता करताच संध्याकाळ व्हावी.

मी मूळचा यावल तालुक्यातला. आमच्याकडे थंडी पडली की पार्टी म्हणजे भरीत पार्टी, दुसरं काही नाही. शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यात वांगी टाकायची, आणि ज्याला जे जमेल ते त्याने करायचं. तिथे यजमान कोण आणि पाहुणा कोण हे ओळखू येत नाही. सगळ्यांचे हात काळे.

तर वांगी. पुण्यात भरिताची वांगी मिळत नाहीत असं नाही, थंडीत आमच्याकडची माणसं टेम्पो लावून विकतात. पण मी धाकट्या भावाला फोन केला आणि त्याने शुक्रवारी रात्री जळगावहून निघणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये गोणी ठेवून दिली. चार किलो, नऊ नग. यामुळे माझ्या निवांत दिवसाची सुरुवात पहाटे पावणेसहाला येरवड्यात कुडकुडत झाली, ही गोष्ट बायको अजून चार जणांना सांगेल. ड्रायव्हरचा फोन : "भो, गुंजन चौकात उभा ऱ्हाय, मी थांबणार नाही, हळू करतो फक्त." गोणी अक्षरशः चालत्या गाडीतून हातात. तिच्यावर रात्रभर कुणाच्या तरी घरच्या गव्हाचं पोतं होतं, त्यामुळे दोन वांगी पार चेपलेली. उरली सात.

घरी येऊन पुन्हा झोपलो. नऊला उठलो. दुसरा चहा गॅलरीत, पेपर शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत. साडेअकराला चेपलेल्या वांग्यांचे काप करून तव्यावर परतले, दही, कालची पोळी, झालं जेवण. मग काहीच नाही. खरंच काही नाही. दुपारी पंख्याविना झोपता येतं असे पुण्यात मोजके दिवस असतात, त्यातला एक मी पुरेपूर वापरला. पूर्वतयारी एवढीच की गुरुवारी कळण्याचं पीठ दळून आणलं होतं (ज्वारी आणि सालासकट अख्खे उडीद). आणि लसूण, पातीचा कांदा, मिरच्या, कोथिंबीर तशीच पिशवीत ठेवली होती. मुद्दाम.

सहाला लोक आले. चार मित्र, दोघांच्या बायका, आम्ही दोघं. एकाच्या हातात लसणाचे गड्डे दिले, एकीकडे पात. मित्रांत एक शाळेत मास्तर आहे, त्याला मिरच्यांची देठं खुडायला बसवलं, तो वह्या तपासाव्या तशा एकेक मिरची उलटसुलट बघत होता. आम्ही तिघं गच्चीवर शेगडी घेऊन. पऱ्हाट्या पुण्यात कुठून आणणार, कोळसा आणि नारळाच्या करवंट्या. वांग्यांना सुरीने चारपाच टोचे, तेलाचा हात, देठ तसाच ठेवायचा कारण तीच आपली मूठ. करवंटीची ज्वाळा मस्त लागते.

चार वांगी झाली आणि खालच्या मजल्यावरून निरोप आला की धूर घरात येतोय. निरोप रास्त होता, वारा फिरला होता. उरलेली तीन खाली गॅसवर भाजली. त्यामुळे आपोआप प्रयोगच झाला. सोलल्यावर नुसता गर चाखला तर कुठलं कोळशावरचं हे डोळे मिटून सांगता येत होतं. लसूण-मिरची पडल्यावर मात्र आमच्यात एकमत होईना. तिघं म्हणाले फरक आहे, तिघं म्हणाले तुमच्या मनात आहे, मास्तर म्हणाला मला तिखट लागतंय, बाकी काही कळत नाही. बायकोने मत राखून ठेवलं.

सोबत कळण्याच्या पुऱ्या, पातळ मठ्ठा, मुळा, कच्चा कांदा. गोड काही नाही. कुणी विचारलंही नाही. साडेअकराला उठले, आणि मी जागा होतो!

तुम्ही सुट्टीच्या दिवशी लोकांना बोलावता तेव्हा काय करता? असे एकपदार्थी बेत अजून कुठले आहेत?


पेठेतला_पाहुणा | रविवार, सकाळी १०.४१

फोटो नाही म्हणजे भरीत झालंच नाही. इतका मजकूर लिहिलात, एक फोटो टाकायला काय धाड भरली होती?

बाकी त्या मास्तरांचा मी फ्यान झालो आहे.


आजीचा_डबा | रविवार, सकाळी ११.०५

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं). पण खरी पाकृ कुठंय? टोमॅटो घालता का? कांदा परतून की कच्चा? आमच्याकडे (सातारा) भरितात दही घालतात आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. खानदेशी भरीत मी एकदाच खाल्लंय, एका लग्नात, आणि तेव्हा नाक-डोळे इतके वाहत होते की चवीकडे लक्ष गेलं नाही.


तापीकाठ | रविवार, दुपारी १२.१५

@पेठेतला_पाहुणा, सगळ्यांचे हात तेलकट-काळे होते, फोन कोण धरणार.

@आजीचा_डबा, टोमॅटो, हळद, लाल तिखट यातलं काहीही नाही. दही घातलेलं भरीत मलाही आवडतं, पण तो वेगळा पदार्थ आहे. आमचं असं :

वांगी भाजून झाली की मोठ्या पातेल्यात टाकून दहा मिनिटं झाकायची. वाफेने साल सुटतं. सोलताना नळाखाली धरू नका, भाजल्याची सगळी चव मोरीत जाते. हाताला पाणी लावून सोला, चिकटलेले काळे कण थोडे राहिले तर राहू द्या. मग देठ धरून गर ठेचायचा. गावाकडे यासाठी लाकडी बडगी असते, त्यात लाकडी मुसळीने ठेचतात. माझ्याकडे रवी होती. मिक्सर नको, मिक्सरमधून निघतं ते लहान बाळाचं खाणं.

तीन किलो वांग्यांना साधारण २० ते २५ हिरव्या मिरच्या (आमच्या लोकांचं प्रमाण, तुम्ही निम्म्या घ्या) आणि दोन मोठे गड्डे लसूण. मिरच्या थोड्या तेलात झाकण ठेवून मऊ करायच्या, मग लसणाबरोबर मीठ घालून ठेचायच्या. कढईत तेल. हात आखडता घेऊ नका. त्यात आधी शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे पातळ काप तळून घ्यायचे, मग जिरं, ठेचा, पातीचा कांदा चिरून भरपूर, तो जेमतेम मऊ पडला की वांग्याचा गर. पाच-सात मिनिटं परतायचं. कोथिंबीर मूठभर नाही, जुडीभर.

शेंगदाणे नरम पडायच्या आत वाढायचं. बास.


वऱ्हाडी_ठसका | रविवार, दुपारी १२.५०

पऱ्हाटीवर तुमचीच मक्तेदारी नाही हो. आमच्याकडे यवतमाळात कपाशीच कपाशी. आणि भरितात सांबार पाहिजे, सांबार! (पुण्याच्या लोकांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसंगं येते ते नाही. मी नागपूरहून पुण्यात आलो तेव्हा भाजीवालीला "दहा रुपयाचा सांबार द्या" म्हणलं, ती मला हॉटेलचा पत्ता सांगायला लागली.)

एकपदार्थी बेत विचारला म्हणून सांगतो : रोडगे. कणकेचे गोळे, थर देऊन केलेले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. सोबत वांग्याची रस्साभाजी आणि वरण. रोडगा फोडून त्याच्यावर तूप सोडायचं. शेतात, देवळापाशी, कुठंही. पण फ्लॅटमध्ये नाही जमत, गोवरीचा धूर पाहून तुमच्या खालच्या मजल्यावाल्यांनी निरोप नसता पाठवला, अग्निशामक दल पाठवलं असतं.


शिस्तप्रिय | रविवार, दुपारी १.३०

लेख छान आहे, पण एक गोष्ट खटकली. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि लसूण सोलायला बसवायचं? आमच्या घरी पाहुणा आला की त्याला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत. अतिथीचा मान असतो काही. गावाकडे शेतातली गोष्ट वेगळी. घरी बोलावलंत तर ताट वाढून समोर आलं पाहिजे. आळसाला 'निवांतपणा' म्हणायची नवी पद्धत दिसते.


चिंगीची_आई | रविवार, दुपारी २.०२

@शिस्तप्रिय, तुमच्या घरी पाहुण्याला पेला उचलू देत नाहीत म्हणता, तो पेला उचलतं कोण? ते लिहिलं नाहीत.

माझ्या माहेरी असेच पाहुणे यायचे. बाबा बाहेर पाहुण्यांत, आई आणि दोन काकू आत. पाहुणे "वहिनी, काय जेवण झालंय!" म्हणायचे तेव्हा आई दारात पदराला हात पुसत उभी असायची, आणि पाहुण्यांनी तिच्याशी बोललेलं ते दिवसभरातलं एकमेव वाक्य असायचं. लोक गेल्यावर तिला विचारलं की काय गप्पा झाल्या, तर तिला ठाऊक नसायचं. मला तर तापीकाठ यांची पद्धत फार आवडली. सगळ्यांनी एकत्र बसून लसूण सोलला तर निदान सगळ्यांना सगळ्यांच्या गोष्टी कळतात.

पण तापीकाठ, एक प्रश्न तुम्हालाही. भांडी कुणी घासली? आणि तुमच्या बायकोचा शनिवार कसा गेला? तुमच्या झोपेचं वर्णन वाचलं, तिच्या झोपेचं कुठे दिसलं नाही.


पेठेतला_पाहुणा | रविवार, दुपारी २.१०

आली का पंचाईत!


तापीकाठ | रविवार, दुपारी ३.४०

@चिंगीची_आई, रास्त प्रश्न. लिहिताना तिला दाखवला हा प्रतिसाद, तिने "वा" म्हटलं आणि मोबाईल परत दिला.

खरं सांगतो. तिला शनिवारी सुट्टी नसते, ती दुपारी तीनला कामावरून आली. येऊन झोपली. सहाला तिला मी उठवलं नाही, मास्तरच्या आवाजाने उठली. पुऱ्या तिने लाटल्या नाहीत, ते काम दुसऱ्या मित्राने आणि त्याच्या बायकोने केलं, तळल्या मी. पण मठ्ठा तिनेच केला, कारण माझ्या मठ्ठ्याला ती ताक म्हणते. भांडी रात्री मास्तर आणि मी घासली. कढई भिजत घातली होती ती आज सकाळी. शेगडी अजून गच्चीतच आहे, राख थंड होऊ द्या असं म्हणत ती तिथे मंगळवारपर्यंत राहील, याची मला कल्पना आहे आणि तिलाही.

@शिस्तप्रिय, तुमचा मान राखून सांगतो, ज्यांना पेला उचलू द्यायचा नाही असे पाहुणे माझ्याकडेही येतात. साहेब, नवे व्याही, लांबचे मामा. त्यांना असं बसवणार नाही. पण ज्याच्याबरोबर होस्टेलला एका ताटात जेवलो त्याला सोफ्यावर बसवून "घ्या ना, घ्या ना" करायचं म्हणजे दोघांनाही शिक्षा. शिवाय रिकाम्या हाताने बसलेली माणसं पहिली वीस मिनिटं ट्रॅफिकवर बोलतात. लसूण हातात दिला की पाचव्या पाकळीला कुणाच्या तरी नोकरीचं, आजारपणाचं खरं काय ते बाहेर येतं. काल एकाने चार महिन्यांपासून मनात ठेवलेली गोष्ट सांगितली, मान खाली घालून, पात निवडता निवडता. समोरासमोर खुर्चीत बसून त्याने ती सांगितली नसती.


शिस्तप्रिय | रविवार, दुपारी ४.१५

ठीक आहे. साहेब आणि व्याह्यांपुरतं मान्य केलंत, तेवढं पुरे. पेला बहुतेक वेळा सौ. उचलतात, हेही मान्य.


मुक्काम_म्युनिक | रविवार, संध्याकाळी ५.००

इथे रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळं आणून ठेवावं लागतं. कोथिंबीर विसरलात तर विसरलात. शिवाय रविवारी शांतता पाळायची असते, ड्रिलिंग वगैरे नाही. मिक्सर लावतानासुद्धा माझा हात कचरतो. त्या अर्थाने सक्तीचा निवांतपणा आहे, पहिली दोन वर्षं राग यायचा, आता बरं वाटतं.

भरिताचं म्हणाल तर आमच्या भाडेकरारात बाल्कनीत कोळशाची शेगडी चालत नाही, आणि शेगडी आहे ती विजेची, म्हणजे ज्वाळा नाहीच. पहिल्यांदा वांगं ओव्हनमध्ये वरच्या जाळीखाली फुल आचेवर ठेवलं आणि ओव्हनचं दार उघडलं मात्र, धुराचा अलार्म बोंबलायला लागला. शेजारचे आजोबा दार वाजवून विचारायला आले. त्यांना आत बोलावलं, अर्धवट भाजलेलं वांगं दाखवलं. ते बघून त्यांची काळजी वाढली असावी.

आता माझी पद्धत : वांग्याला टोचे, तेल, २२० अंशांवर ४० ते ५० मिनिटं, मध्ये एकदोनदा फिरवायचं, शेवटची पाच मिनिटं वरची आच. इथलं गडद जांभळं वांगं पाणचट असतं, म्हणून सोललेला गर चाळणीत अर्धा तास निथळत ठेवायचा, वाटीभर पाणी निघतं. धुराची चव हवी असेल तर गर पातेल्यात घेऊन मधोमध वाटी ठेवायची, वाटीत पेटलेला कोळसा, त्यावर तुपाचे दोन थेंब आणि लगेच झाकण. तो कोळसा पेटवायलाही मला बाहेर जावं लागतं.

कळण्याचं पीठ मिळत नाही. ज्वारीचं पीठ इंडियन दुकानातून, अख्खे काळे उडीद मिक्सरमध्ये थोडे थोडे दळून चाळून त्यात मिसळते. प्रमाण काय घेता तुम्ही? माझी भाकरी चिवट होते.


तापीकाठ | रविवार, संध्याकाळी ५.४५

आमच्या घरी चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद आणि थोडं मीठ. काही घरांत उडीद यापेक्षा जास्त असतात. उडदाने चिकटपणा येतो त्यामुळे थापायला सोपी जाते, पण उडीद जास्त झाले की चिवट होणारच. आणि तुम्ही उडीद कोरडेच दळताय ना? आधी कढईत जरासे गरम करून मग दळा, मिक्सरला बारीक होतील. पीठ गरम पाण्यात मळा, आणि भाकरी तव्यावरून निघाली की लगेच खा. गार झाली की तिच्याशी कुस्ती.


जुनाखोंड | रविवार, रात्री ८.३०

वांग्यांबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. भरिताचं वांगं म्हणजे जांभळं नव्हे. जळगावचं वांगं फिकट हिरवं असतं, त्यावर पांढुरक्या रेघा, आकाराने थोराड. साल पातळ, बिया कमी. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी प्रसिद्ध, बाजारात कुठलंही वांगं 'बामणोदचं' म्हणून विकतात ते त्यामुळेच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी.

निवडताना सारख्या आकाराची दोन वांगी दोन हातांत धरायची आणि हाताला हलकं लागेल ते घ्यायचं. जड वांगं बियाळ निघतं. देठ हिरवागार हवा. आणि भाजताना देठापाशी सुरी घालून बघा, तो भाग सगळ्यात शेवटी शिजतो. पोट मऊ झालं म्हणून उतरवलं की देठाजवळचा गर कच्चा राहतो आणि भरितात त्याचे गचके लागतात. निम्म्या लोकांचं भरीत इथेच बिघडतं.


मल्हारदास | सोमवार, सकाळी ७.१५

एक राहिलंच. आमच्याकडे आषाढातल्या कांदेनवमीला कांदा-वांगं पोटभर खाऊन घेतात आणि मग चातुर्मासात बंद. ते पुन्हा सुरू होतं चंपाषष्ठीला, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाला भरीत आणि बाजरीचा रोडगा असा नैवेद्य दाखवून. तोवर नवी वांगीही भरात आलेली असतात. लहानपणी त्या दिवशी वांगं भाजल्याचा वास आला की चार महिन्यांची भूक एकदम लागायची. आता घरात मी एकटाच चातुर्मास पाळतो. मुलं सप्टेंबरमध्ये माझ्यासमोर भरीत खातात. मल्हारी त्यांचं भलं करो.


दोन_शिट्ट्या | सोमवार, सकाळी ९.५०

गोव्यात आमच्या घरी आगशीच्या वांग्यांचं भरीत होतं, मोठी जांभळी वांगी. चुलीवर भाजायची, गर कुस्करून त्यात ओलं खोबरं, हिरवी मिरची, बारीक चिरलेला कांदा, चिंचेचा कोळ, आणि वरून कच्चं खोबरेल. परतायचं नाही, पुन्हा गॅसवर चढवायचंच नाही. दहा मिनिटांचं काम. पेजेबरोबर खातात. जेवायला बोलावण्याइतकं ते भारदस्त नाही, पण सुट्टीच्या दुपारी एकट्याने खायला याहून बरं मला काही माहीत नाही.

एकपदार्थी बेतात आमच्याकडे चार मित्र आले की बांगडे. एकजण साफ करतो, एकजण रेशाद मसाला लावतो, एकजण तळतो, चौथा खातो. चौथा नेहमी तोच असतो.


पहिलटकर | सोमवार, दुपारी १.२०

मी नवीन लग्न झालेला, पहिल्यांदाच ऑफिसातल्या सहा जणांना रविवारी बोलावतोय. हा धागा वाचून भरीत ठरवलं. आम्ही धरून आठ माणसं, त्यातले दोघं कमी तिखट खाणारे. किती वांगी घेऊ? आणि भाजायला किती वेळ धरू? घरी दोन शेगड्यांचा गॅस आहे. बायको म्हणते पुलाव कर गप.


तापीकाठ | सोमवार, दुपारी १.४५

बायकोचं ऐकण्यात शहाणपण आहे, पण विचारलंच आहे तर : भरीत हाच मुख्य पदार्थ असेल तर माणशी पाव ते दीड पाव किलो कच्चं वांगं. साल, देठ, पाणी यात बरंच जातं. आठ जणांना तीन किलो पुरे. अर्धा किलोचं एक वांगं मध्यम आचेवर, सारखं फिरवत, पंधरा ते वीस मिनिटं घेतं. सहा वांगी आणि दोन शेगड्या म्हणजे तास गेला. लोक आल्यावर सुरू केलंत तर बरोबर साडेआठला बसाल. कमी तिखटवाल्यांसाठी थोडा गर आधीच बाजूला काढून त्यात दही-कांदा घाला, सातारी पद्धत वर आहेच. गॅसच्या बर्नरभोवती ॲल्युमिनियमची फॉइल लावून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी रस खरवडत बसाल. भोकं मात्र झाकू नका.


वऱ्हाडी_ठसका | सोमवार, दुपारी २.००

आणि सांबार भरपूर.


पहिलटकर | पुढचा सोमवार, सकाळी ११.१०

अहवाल देतो. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलं, तरी मी टोचे मारायला विसरलो. तिसरं वांगं फुटलं. आवाज सुतळी बॉम्बइतका नाही पण लवंगीपेक्षा मोठा. गर भिंतीवर, गॅसवर आणि आमच्या टीम लीडच्या चष्म्यावर. ते बिचारे वांगं फिरवायला उभे होते. चार सेकंद कुणी काही बोललं नाही, मग बायको हसायला लागली आणि ती थांबेचना. त्यानंतर ऑफिसातले म्हणून जो काय संकोच होता तो संपला. लीडनी चष्मा पुसला आणि सुरी घेऊन उरलेल्या वांग्यांना इतके टोचे मारले की त्यांची चाळणी झाली.

भरीत चांगलं झालं. देठापाशी कच्चं राहिलं (जुनाखोंड, तुम्ही सांगितलं होतं). पुऱ्या फुगल्या नाहीत, पण संपल्या. शेंगदाणे मीच येता-जाता खाऊन निम्मे केले होते.

बायको म्हणते पुढच्या वेळी पुलाव, पण करताना सगळ्यांना कामाला लाव.


आजीचा_डबा | पुढचा सोमवार, सकाळी ११.३०

चष्म्यावर! ऑफिसातून मला आता हसत बाहेर जावं लागलंय.

माझंही झालं शनिवारी. मिरच्या आठच घातल्या. शिळं जास्त छान लागलं, रविवारी सकाळी भाकरीवर घेऊन, वर कच्चं तेल. दही घातलं नाही, शप्पथ.


मुक्काम_म्युनिक | पुढचा सोमवार, दुपारी ३.०५

चारास एक प्रमाण जमलं. भाकरी चिवट झाली नाही. शेजारच्या आजोबांना एक छोटी वाटी दिली, त्यांनी आज वाटी धुऊन परत केली आणि विचारलं की हे ब्रेडला लावायचं असतं का. मी हो म्हणाले.


पेठेतला_पाहुणा | पुढचा सोमवार, दुपारी ४.२०

तापीकाठ, त्या ट्रॅव्हल्सवाल्या ड्रायव्हरचा नंबर मिळेल का? पहाटे येरवड्यात उभं राहायची तयारी आहे. गव्हाच्या पोत्याखाली ठेवू नका एवढं मात्र भावाला सांगा.


तापीकाठ | पुढचा सोमवार, संध्याकाळी ६.१०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. स्वेटर घाला. आणि शेगडी मी आज खाली आणली, मंगळवार नव्हे, पुढचा सोमवार. फोटो हवा असेल तर तिचा टाकतो.